सुमक्का

जयसिंगपूरच्या स्टँडवरून पुण्याची एसटी हलली आणि अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, खालून हाक मारली, "सुमक्काऽऽ, पोचलीस की फोन कर!" अख्खा स्टँड वळून बघायला लागला. माझ्यासोबत नोकरीला लागलेली कोल्हापूरची मुलगी शेजारी बसली होती, ती फिस्सकन हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोचल्यावर फोन केला तो हेच सांगायला, "अव्वा, चारचौघांत मला सुमन म्हणत जा." ती म्हणाली, "बरं."

गावाकडच्या मंडळींनो, तुम्हाला हे ठाऊकच आहे. बाहेर पडलेल्यांना आठवण करून देते. आमच्याकडं घरात कन्नड, दारात मराठी, आणि नुसत्या नावानं हाक मारणं म्हणजे उद्धटपणा. धाकटा भाऊ जन्मला त्या दिवशी मला 'अक्का' जोडलं गेलं आणि सुमनची सुमक्का झाले. मधला 'न' कुठं गेला, कुणी शोधला नाही. जेवायला बोलवताना अव्वा शेवटचा 'क्का' उंच चढवून लांबवायची, चिडली की तोच खाली आपटायची. त्यावरूनच कळायचं, ताट वाढलंय की पाठीत धपाटा बसणार.

पुण्याहून कंपनीनं मला जर्मनीत पाठवलं. इथल्या भाषेच्या क्लासमध्ये बाई शब्दाला शब्द चिकटवून दाखवत होत्या. जोडताना एखादा आवाज गळतो, एखादा नवा येतो म्हणाल्या. बाकीचे वैतागले. मला मात्र रडू आलं. अकरा वर्षं मला कुणी सुमक्का म्हटलं नव्हतं. मी चारचौघांत नको म्हटलं होतं, अव्वानं घरातलंही बंद केलं होतं. मानी बाई!

गेल्या सुट्टीत धीर करून म्हटलं, "अव्वा, पहिल्यासारखी हाक मार की मला."

भाकरी थापता थापता ती म्हणाली, "तूच नको म्हणालतीस न्हवं? आता जिभंवर येत न्हाय बग." पंधरा दिवस मी वाट पाहिली. सुमनच राहिले.

निघताना ती जयसिंगपूर स्टेशनवर आली. गाडी सुटली, मी दारात उभी होते.

"सुमक्काऽऽ! डबा इसरलीस की गं!"

अख्खा प्लॅटफॉर्म वळला. "ओ अव्वाऽऽ!" मी तिच्याहून मोठ्यानं ओरडले.

डबा तिच्या हातातच राहिला. आता इथं कुणी घर कुठं विचारलं, की मला तो प्लॅटफॉर्म आठवतो. जिथल्या हाकेला मी चारचौघांत ओ देते, तेच माझं घर.