मासोळी छाप विळा

आमच्या भट्टीवर घण कुणीही मारो, मासोळी ठोकायची ती अब्बांनीच. पातं लाल असताना मुठीजवळ मासोळीचा पोलादी ठसा धरायचा आणि एकच घाव घालायचा. मनासारखं न उतरलेलं पातं ठशापर्यंत पोचतच नसे. आम्ही धुळ्याचे, पण खरं गिऱ्हाईक साक्रीच्या आठवडे बाजारातलं. डोंगराकडची माणसं विळा उचलला की आधी अंगठ्याने मासोळी चाचपायची, मग भाव विचारायची. आजोबांपासून हे असंच. याला ब्रँड म्हणतात हे आमच्यात कुणाला सुचलं नाही.

सुचलं ते जळगावच्या एका घाऊक व्यापाऱ्याला. वर्षानुवर्षं तो आमचाच माल नेऊन विकायचा. मग नेणं बंद केलं, कारखान्यातून पातळ पत्र्याचे विळे करून घेतले, त्यांवर मासोळी उमटवली आणि 'मासोळी छाप' हे नाव चित्रासकट स्वतःच्या नावावर ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं. वर अब्बांनाच वकिलाची नोटीस, की आमचं चिन्ह वापरणं थांबवा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. मी ती नोटीस मोठ्याने वाचून दाखवली तेव्हा रागाने माझा आवाज फाटला होता.

अब्बांना ओढतच मी एका वकीलबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "नोंदणी त्याची असू दे. त्याच्या आधीपासून तुम्ही हे चिन्ह वापरता, एवढं दाखवता आलं तर लढता येईल. जुनी बिलं, जाहिरात, नाहीतर तेव्हा विकलेला माल आणा, आणि तो घेणाऱ्याची साक्ष."

अब्बांच्या मते हाताच्या काकणाला आरसा कशाला? अख्ख्या बाजाराला ठाऊक आहे! पण गोणपाट अंथरून विकणाऱ्याने बिल कुणाला दिलंय? जाहिरातीचं तर नावच नको. राहिला जुना माल. मी फुशारकीने म्हटलं, पोतंभर विळे गोळा करून आणते.

बाजारात आमच्याकडून आजोबांच्या काळापासून विळे नेणारी एक म्हातारी भेटली. तिला जुना विळा मागितला तर ती हसायलाच लागली. "तुना बापनीच लिधा ना!"

खरंच होतं. झिजलेला विळा आणा, नवा स्वस्तात न्या, ही अब्बांची रीत. जुनं लोखंड परत भट्टीत जायचं आणि त्याची खुरपी व्हायची. गिऱ्हाईक खूश, लोखंडही वाया जात नाही. या रीतीमुळेच माणसं आमच्याकडे पुन्हापुन्हा येत. दिवसभर फिरून जे दोन-चार विळे सापडले ते सगळे हल्लीच घेतलेले.

मी घरी येऊन सांगितलं. अब्बा म्हणाले, "म्हणजे सगळा पुरावा मीच जाळला." मी लढायचा हट्ट धरला, रडले, त्या व्यापाऱ्याला नाही नाही ते बोलले. पण अब्बा आतून खचले होते. मासोळी वापरणार नाही, असं त्यांनी लिहून दिलं. सही करताना त्यांच्याकडे बघवेना.

पुढच्या बाजारी आम्ही कोऱ्या, बिनठशाच्या पात्यांचे विळे मांडले. ओळखीची एक बाई आली, विळा उचलला, मुठीजवळ अंगठा फिरवला.

"चाचा, हाऊ तुमना नही शे."

"मन्हाच शे, अक्का. मन्हा हातना शे."

"मंग मासोळी कोठे शे?"

मी तोंड उघडणार तोच अब्बांनी माझा हात दाबला. बाईने विळा खाली ठेवला आणि समोरच्या दुकानात गेली. तिथे व्यापाऱ्याचा माल टांगलेला होता.

थोड्या वेळाने ती परत आली. हातात नवा कोरा मासोळी छाप विळा. तोंडभर हसून तिने तो अब्बांपुढे धरला.

"हाऊ दखा तुमना! धार लाई द्या ना, चाचा."

मला तिचा राग आला नाही. तिने तर निष्ठाच पाळली होती. अब्बांनी विळा घेतला, कानस काढली आणि मान खाली घालून नीट, सावकाश धार लावली. पैसे घेतले नाहीत.

"लोखंड कच्चं शे, अक्का," ते म्हणाले. "जपीसन वापर."