संस्कृतीसाठी दोन मिनिटांचा थांबा

"आबा, स्कार्फ कोणत्या मंत्रालयाकडे येतो?" मी विचारलं.

आबा नाश्ता करत होते. फ्लॅट दिल्लीतला, सरकारी. बशीतली शेव मात्र जळगावची.

"वस्त्रोद्योग," आबा म्हणाले.

"ते म्हणतील, खप वाढलाय, आनंद आहे."

"मग महिला व बालविकास."

"ते म्हणतील, उन्हात तोंड बांधलं तर चांगलंच आहे."

आबांनी बशी बाजूला सारली. "ताई, तुम्ही माझ्या पीए आहात की विरोधी पक्षाच्या?"

हा प्रश्न मला दर अधिवेशनात एकदा तरी ऐकावा लागतो. मी उत्तर देत नाही. नोकरी टिकवायची असेल तर काही प्रश्नांना चहा आणून देणं हेच उत्तर असतं.

खासदाराचा पीए म्हणजे स्वीय सहायक. लोकांना वाटतं, हा माणूस फोन उचलून "साहेब मीटिंगमध्ये आहेत" एवढंच सांगतो. तेही सांगतो. पण खरं काम वेगळं असतं. साहेबांना उद्या काय वाटणार आहे ते आज टाइप करून ठेवायचं. एरवी मी जळगावात, पिंप्राळ्यातून स्कूटीवर आबांच्या संपर्क कार्यालयात येते. अधिवेशन असलं की बॅग भरून दिल्लीला जाते.

आबांची कारकीर्द थोडक्यात सांगते. सरपंच, मग जिल्हा परिषद, मग आमदार, मग खासदार. एवढ्या वर्षांत त्यांनी केलं काय, असं पत्रकार विचारतात. प्रश्नच चुकीचा आहे. काय होऊ दिलं नाही ते विचारा. लग्नात डीजे होऊ दिला नाही. वाढदिवसाला केक कापू दिला नाही. फेब्रुवारीत कॉलेजच्या गेटबाहेर गुलाब विकू दिले नाहीत. आबांच्या स्वतःच्या मिरवणुकीत डीजे वाजतो, पण तो डीजे नसतो, ती कार्यकर्त्यांची भावना असते. संस्कृती धोक्यात आहे असं ते प्रत्येक निवडणुकीत सांगतात आणि प्रत्येक वेळी निवडून येतात. ती एकदाची सुरक्षित झाली असती तर आबांची पंचाईत झाली असती.

एक गोष्ट मात्र मान्य केलीच पाहिजे. आबा माणसं ओळखतात. रस्त्यात कोणी पोरगं दिसलं की थांबवतात. "कोणाचा रे तू?" पोरगा बापाचं नाव सांगतो. आबा त्याला आजोबांचं नाव सांगतात, आजोबांची म्हैस कोणी विकत घेतली ते सांगतात आणि आत्या धुळ्याला कोणत्या घरात दिली तेही सांगतात. पोरगा घरी जाऊन बापाला सांगतो. त्या घरातली सगळी मतं आबांची. हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे.

त्या मार्च महिन्यात अधिवेशनाला दोन दिवस सुट्टी होती म्हणून आबा जळगावला आले. सकाळी मेहरूण तलावावर फिरायला गेले. समोरून स्कूटीवर एक मुलगी आली. तोंडाला स्कार्फ, वर गॉगल, हातात मोजे, अंगात सनकोट. जळगावात उन्हाळ्यात बाहेर पडणाऱ्या कोणत्याही मुलीचा हाच गणवेश असतो. माझाही असतो. आबांनी हात केला आणि विचारलं, "कोणाची गं तू?"

मुलीनं हॉर्न वाजवला आणि निघून गेली.

आबा ऑफिसला आले ते पेटूनच. "ताई, कोणाची मुलगी तेच कळेना! मागे बसलेली कोण, पुढे बसलेला कोण, काही पत्ता लागत नाही. गावाची ओळखच पुसली हो!" आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा "कोणाची गं" वाया गेला होता. मला हसू आलं, पण मी फाइलमध्ये बघत राहिले.

आता गंमत बघा. बायकांच्या प्रत्येक मेळाव्यात आबांचं एक वाक्य ठरलेलं. "डोक्यावर पदर ही आपली शान." म्हणजे डोकं झाकलं की संस्कार, तोंड झाकलं की अधःपात. वाद फक्त भुवईपासून हनुवटीपर्यंतच्या जागेचा होता.

एरवी हा राग दुपारच्या जेवणापर्यंत उतरला असता. पण त्याच दिवशी पक्षाच्या जिल्हाध्यक्षांचा फोन आला. मी स्पीकरवर ऐकत होते.

"आबा, वर काही जुने चेहरे बदलायचं चाललंय."

"माझा?"

"नाव नाही घेतलं. पण विचारत होते, आबांकडे सध्या मुद्दा काय?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"मुद्दा आहे," आबा म्हणाले. "ज्वलंत आहे."

ज्वलंत मुद्दा म्हणजे स्कार्फ. सार्वजनिक ठिकाणी तोंड बांधायला बंदी घाला, अशी मागणी ते संसदेत करणार होते. पक्षानं तिकीट कापायला कारण शोधायची गरजच उरली नसती.

आणि त्याच दुपारी हिलाल आप्पा आले. आमच्या मतदारसंघाच्या टोकाला, अमळनेरच्या पलीकडे, धुळे जिल्ह्याच्या शिवेवर एक लहान स्टेशन आहे. तिथले हे कापूसवाले शेतकरी. सोबत मुलगी होती, कोमल. जळगावला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. कोरोनात रेल्वेनं त्यांच्या स्टेशनवरचा सकाळच्या गाडीचा थांबा बंद केला होता. कोरोना गेला, थांबा काही परत आला नाही. आम्ही पत्रं पाठवली होती. "प्रवासी संख्या कमी, थांबा देणे व्यवहार्य नाही," असं ठरलेलं उत्तर आलं होतं. गाडीच थांबत नाही तर प्रवासी येणार कुठून, हे विचारायची सोय त्या उत्तरात नव्हती.

"ताई, कालीपिवलीमा पोर कशी धाडू?" आप्पा म्हणाले. काळीपिवळी म्हणजे वडाप जीप. आत माणसं कोंबलेली, टपावरही माणसं. "मोटरसायकलवर कोना मांगे बसाडू? गावमा बोलतस. गाडी थांबनी तं पोर शिकी. नही थांबनी तं आखाजीपर्यंत वाट दखसू. मंग पाव्हना येई ऱ्हायनात."

पाव्हना म्हणजे मुलगी बघायला येणारे. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, तिला जेमतेम महिना होता. आप्पा काही खलनायक नव्हते. मुलीची फी त्यांनी वेळेवर भरली होती, पुस्तकं घेऊन दिली होती. रोजच्या त्या जीपला मात्र ते घाबरले होते. कोमल हातातली सॅक घट्ट धरून बसली होती. मला स्वतःला कॉलेज सोडायला लावायला एवढंही कारण लागलं नव्हतं.

"करते काहीतरी," मी म्हणाले. पीए हे वाक्य रोज बोलतो. त्या दिवशी मी ते खरंच बोलले.

आता थोडं तांत्रिक. लोकसभेत शून्य प्रहर नावाचा प्रकार असतो. त्यात खासदाराला तातडीचा विषय दोन-तीन मिनिटांत मांडता येतो. त्यासाठी आधी विषय लिहून नोटीस द्यायची. नोटिसा फार येतात, मग सोडत निघते. नाव लागलं तर जो विषय लिहून दिला त्यावरच बोलायचं. भरकटलात की समोरून टोकतात, जास्तच भरकटलात तर माइक बंद. नोटीस आबांच्या नावानं जाते, भरते मी. दिल्लीत पोचल्यावर मी थांब्याची नोटीस भरली. आबांना वाटत होतं स्कार्फची गेली. आणि सोडतीत नाव लागलं.

म्हणून त्या सकाळी शेवेसमोर मंत्रालयांची चर्चा चालली होती.

"आबा, स्कार्फचं कोणाकडेच नाही," मी सांगितलं. "मी रेल्वेची नोटीस दिलीय. तो थांबा."

आबांचा चेहरा लाल झाला. "थांबा? तिकीट जायची वेळ आलीय आणि मी थांबा मागू? कोण छापेल ते?"

मी रात्रभर विचार करून ठेवलेलं वाक्य काढलं. "आबा, मुली तोंड का बांधतात?"

"लपायला."

"ऊन आणि धूळ. मोटरसायकलवर बसावं लागतं म्हणून. मोटरसायकलवर का बसावं लागतं?"

आबांनी चष्मा काढून पुसला.

"गाडी थांबत नाही म्हणून. गाडी थांबली की मुली सकाळी गावादेखत स्टेशनवर उभ्या राहतील. सावलीत. महिलांच्या डब्यात चढतील. ऊन नाही, धूळ नाही, मग स्कार्फ कशाला? कोणाची कोण ते तुम्ही लांबून सांगाल."

आबांनी बशी परत पुढे ओढली.

"हे माझ्या डोक्यात होतंच," ते म्हणाले. "तुम्ही फक्त शब्दांत मांडलंत."

पीएला सभागृहात जाता येत नाही. मी फ्लॅटमध्येच टीव्हीसमोर बसले. आबा उठले. माझा कागद त्यांच्या हातात होता, पण डोळे कागदावर नव्हते. मी टीव्हीचा आवाज वाढवला.

"अध्यक्ष महोदय, मेरे क्षेत्र में बेटी का मुँह बंधेला रहता है."

सभागृह शांत झालं. आबांच्या वाक्यानं सभागृह शांत व्हायची ही पहिलीच वेळ.

"माननीय सदस्य, आपका विषय रेल का है," समोरून आवाज आला.

"रेल पेच आ रहा हूँ महोदय. रेल रुकती नहीं, तो बेटी मोटरसाइकल पे बैठती है. मोटरसाइकल पे धूप लगती है, तो मुँह बाँधती है. मुँह बाँधा तो किसकी बेटी है, समझताच नहीं. इसलिए मेरी माँग है, रेल रोको, संस्कृती बचाओ!"

सत्ताधारी पक्षाचा खासदार "रेल रोको" म्हणतोय हे ऐकून विरोधकांनी बाकं बडवली. आबांना वाटलं, पाठिंबा मिळाला. ते हात जोडून बसले.

संध्याकाळपर्यंत ती क्लिप देशभर फिरली. दिल्लीतले लोक हसले. दुसऱ्या दिवशी जळगावात आमच्या ऑफिससमोर कॉलेजच्या मुलींनी निदर्शनं केली, सगळ्यांनी तोंडं बांधून. आबांनी फोनवर ऑफिसच्या माणसाला विचारलं, "कोणाकोणाच्या मुली होत्या?" तो म्हणाला, "आबा, दिसलंच नाही."

मला वाटलं, संपलं. आबांचं तिकीट गेलं, माझी नोकरी गेली आणि कोमलला पाव्हना आला. पण राजकारणात कशाचं काय होईल सांगता येत नाही. वरच्या लोकांना क्लिप लवकर विसरली जायला हवी होती. त्यासाठी आबांच्या नावावर काहीतरी चांगली बातमी हवी होती. सर्वांत स्वस्त बातमी म्हणजे एका गाडीचा दोन मिनिटांचा थांबा. जो थांबा पत्रांनी व्यवहार्य ठरत नव्हता, तो चटकन व्यवहार्य ठरला. "प्रायोगिक तत्त्वावर," असं आदेशात होतं. म्हणजे सहा महिने देऊन बघू, नंतर काढूही. आखाजीच्या आधी गाडी थांबली.

स्टेशनवर मांडव, हार, भाषण सगळं झालं. आबा प्लॅटफॉर्मवर मुलींच्या रांगेपुढून फिरले. "कोणाची गं तू? हिलालची? तुझ्या आजीला मीच एरंडोलहून आणायला गेलो होतो वऱ्हाडात." ते इतके खूश होते की मलाच बरं वाटलं. हिलाल आप्पांनी जाहीर केलं, "पाव्हनास्ले नही म्हणी टाकं." टाळ्या पडल्या. मग सरपंचांनी माइक घेतला. खासदारांनी आपल्यासाठी संसदेत शब्द टाकला, तर यापुढे गावातली एकही मुलगी स्टेशनवर तोंड बांधून उभी राहणार नाही, असं ते म्हणाले. त्यालाही टाळ्या पडल्या. मी मात्र टाळी वाजवली नाही. आबांना पटावं म्हणून मी रचलेलं कारण गावानं नियम करून टाकलं होतं. जळगाव स्टेशनपासून कॉलेजपर्यंत सावली नाही, हे मला चांगलं माहीत होतं.

मे महिन्यात आबांनी मला परत तिकडे धाडलं. कार्य अहवालाच्या पुस्तिकेसाठी फोटो हवा होता, उघड्या तोंडाच्या, हसऱ्या मुलींचा. सकाळी प्लॅटफॉर्मवर मुली उभ्या होत्या, सगळ्यांचे चेहरे दिसत होते, मागे बाप उभे होते. मी फोटो काढला. गाडी आली. मीही महिलांच्या डब्यात चढले.

खिडकीतून सकाळीच झळा येत होत्या. स्टेशन मागे पडलं, 'तोंड बांधू नये' असा सरपंचांचा नवा बोर्ड मागे पडला, सिग्नलही मागे पडला. आणि डब्यात एकदम सगळ्या चेनी उघडल्याचा आवाज झाला. सॅकमधून स्कार्फ निघाले, मोजे निघाले, गॉगल निघाले. बघता बघता डब्यात मला एकही चेहरा दिसेना.

"सिग्नल गया, ताई," शेजारून कोमलचा आवाज आला. "आते तुम्ही बी बांधी ल्या."

"अगं, आप्पांना कळलं तर?"

"आप्पाच आणून देतात बाजारातून," ती म्हणाली. "हा नवा त्यांनीच आणला. फक्त म्हणतात, आबांना दिसू देऊ नको, वाईट वाटेल त्यांना."

मी माझा स्कार्फ काढला आणि बांधला. आतल्या आत मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. स्कार्फचा तोही एक उपयोग आहे.

फोटो पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर गेला. आबांचं तिकीट वाचलं. कोमल दुसऱ्या वर्षाला गेली. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी एक शिकले. मागणी योग्य असून भागत नाही, साहेबांना झेपेल असं एखादं चुकीचं कारण तिला जोडून द्यावं लागतं.

थांब्याची मुदत आता संपत आलीय. वाढवून घ्यायची तर नवं भाषण लागेल. आबांचं लक्ष सध्या मुलींच्या जीन्सकडे गेलंय. जीन्सचा रेल्वेशी काय संबंध, त्याचा पहिला परिच्छेद मी कालच टाइप केला.