लांबशेपट्याची शेपूट

संग्रहालयात त्यांना सगळे टाकेकाका म्हणत. मेलेला प्राणी सोलायचा, कातड्यात कापूस भरायचा आणि पोटाला असे टाके घालायचे की शिवण शोधूनही सापडू नये, हे काम त्यांनी सदतीस वर्षे केले. वाघ-हरणे इतरांकडे गेली. काकांच्या वाट्याला उंदरांचे कपाट आले. त्यात घरउंदीर, शेतउंदीर, झाडावरचे उंदीर, घुशी. शिवाय केवळ नावामुळे सोयरे ठरलेले पाहुणे: मूषकहरणाचे एक पिल्लू आणि लांब शेपटीचा उंदीरपक्षी. चिचुंद्री तर उंदीर नव्हेच, हे काका येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

निवृत्तीनंतर नऊ वर्षांनी ताईने बोलावणे धाडले. काकांना हाताला धरून काम शिकवणाऱ्या सरांची ही मुलगी. आता संग्रहालयाची प्रमुख. कपाटे नव्या इमारतीत हलत होती. दर्शनी पेटीत सरांनी शोधलेली उंदराची नवी जात, ‘लांबशेपट्या’, मांडायची होती. खाली पाटीवर सरांचे नाव. काकांनी चार आठवणी सांगाव्यात, एवढेच तिचे मागणे.

खोलीत डांबराच्या गोळ्यांचा तोच वास होता. काका खुलले. सर घुशीच्या ट्रेशेजारीच डबा उघडत आणि म्हणत, हिच्याइतकी निमूट सोबत घरीही मिळत नाही. ताई मनापासून हसली आणि तिने लांबशेपट्याची तीन कातडी पुढे ठेवली. पायाला बांधलेल्या मापांच्या चिठ्ठ्यांवर काकांचे नोकरीच्या पहिल्या महिन्यातले अक्षर होते.

काकांचा चेहरा उतरला. उंदराची शेपूट सोलण्याआधी मोजायची असते. आतले हाड ओढून काढले की कातडे ताणले जाते आणि शेपूट लांब भरते. पहिल्या महिन्यात त्यांना हे ठाऊक नव्हते. कळले तेव्हा सरांचा निबंध छापून आला होता आणि सर इतके आनंदात होते, की काकांनी तोंडाला कुलूप घातले. सर गेले, कुलूप राहिले. आता गप्प बसावे तर खोटे पाटीवर चढणार, बोलावे तर गेलेल्या माणसाचा एकुलता एक मान हिरावला जाणार.

“ताई, या शेपट्या मी सोलल्यावर मोजल्या गं,” काका म्हणाले. “हे साधे झाडउंदीर असतील.”

ताईने एक कातडे उचलून त्याची चिठ्ठी वाचली. बाबांना माहीत होते का, एवढेच तिने विचारले. काकांनी नकारार्थी मान हलवली. सरांनी विचारले असते तर सांगितले असते, हे वाक्य ओठांवर आले. पण तेही पुरते खरे नव्हते, म्हणून त्यांनी ते गिळले.

“तुमच्यावर विसंबून बाबांनी पुन्हा मोजलं नसणार,” ताई म्हणाली. मग तिने पेन त्यांच्यापुढे सरकवले. “लिहा. तुमच्याच हातानं.”

तिन्ही चिठ्ठ्यांवर काकांनी लिहिले: माप सोलल्यानंतरचे. खाली आजची तारीख.

ताईने खालचा खण ओढला. “त्या महिन्यात आणखी किती असेच सोलून मग मोजले होते?”

“अकरा.”

“मग टेकून बसा, काका. चहा सांगते.”