डोळे मिटून मारलेली बुडी

मामेभावाचा फोन आला तेव्हा मी तळेगावात शाळेत शिकवायला निघाले होते. "ताई, दादा गेलं..." मामाची मुलं त्याला दादा म्हणत. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "पाण्यात?" "न्हाई गं. अंथरुणात. झोपेतच." खोटं कशाला बोलू, आधी हायसं वाटलं. रडू नंतर आलं.

वडिवळ्याचा दत्तामामा भातशेती करायचा, पण आसपास त्याची ओळख वेगळीच होती. धरणात, नदीत कुणी बुडालं की पोलिसांचा फोन त्याला यायचा. पावसाळ्यात सहलीला येणाऱ्यांना कितीही सांगा, पालथ्या घड्यावर पाणी! मग मामाने बुडी मारायची आणि कुणाचं तरी लेकरू वर आणायचं. गावाने शाल-नारळ दिला, टाळ्या वाजवल्या. त्याला झोप लागते का, हे कुणी विचारलं नाही. तसा दिवस असला की तो आम्हा पोरांना जवळ येऊ द्यायचा नाही. चुलीपुढे बसायचा. मामी चहा द्यायची, आणि तो गार झाला तरी हा कप दोन्ही हातांनी धरून बसलेला असायचा.

गेल्या हिवाळ्यात मीच त्याला हट्टाने मालवणला नेलं, स्कूबा डायव्हिंगला. जन्मभर गढूळ पाण्यात उतरला, एकदा निळं पाणी, रंगीत मासे बघू देत, एवढंच मनात होतं. त्या घट्ट काळ्या सुटात तो असा रुबाबदार दिसत होता, की मामी सोबत आली असती तर तिने दृष्टच काढली असती. खाली जाताच त्याने माझं मनगट घट्ट पकडलं. पट्टीचा पोहणारा, आणि घाबरला! मला हसूच आलं.

संध्याकाळी खोलीवर डायव्हिंगवाल्यांनी पाठवलेला व्हिडिओ लावला. आमच्याभोवती मासे भिरभिरतायत, आणि काचेआड मामाचे डोळे गच्च मिटलेले. अगदी शेवटपर्यंत. माझा पाराच चढला. "अरे मामा, एवढ्या लांब कशाला आलो आपण? डोळे तरी उघडायचे!"

"पाण्यात डोळं उघडायची सवय न्हाई, सुमे," तो म्हणाला. "उघडलं की तोंड दिसतं. मंग ते जात न्हाई... म्या हातानंच हुडकतो. हाताला लागतं ते समदं गार असतं." त्याने माझ्या मनगटाकडे पाहिलं. "आज तुजा हात लागला. ऊन व्हता. नाडी उडत व्हती. सोडवंना बग."

समुद्र दाखवला की त्याच्या मनातलं सगळं धुऊन निघेल, असं मला वाटलं होतं. कसलं काय! काही दिवसांतच त्याला पुन्हा पोलिसांचा फोन आला. "नको जाऊस," मी म्हटलं. "पोराची आई काठाव बसलीया. कुनीतरी जायाच पायजे न्हवं?" तो गेला. मला अजून राग येतो, कुणावर ते मात्र ठरवता येत नाही.

परवा वडिवळ्याला गेले होते. मामीने चहा दिला आणि म्हणाली, "तो समिंदराचा व्हिडू दाव की." मी लावून दिला. मग तिने पडद्यावर बोट ठेवलं. "ह्यो कुनाचा हात धरलाय त्येनी?"

"माझा."

मामीने फोन बाजूला ठेवला आणि माझं तेच मनगट दोन्ही हातांनी धरलं. चहा गार झाला. तिने सोडलं नाही, मीही हात काढून घेतला नाही.