एक जपमाळ होईपर्यंत

आर्लिस शिमेक आमच्या शेजारच्या घरात राहते. टोमॅटो, काकड्या, बीट असल्या वस्तू बरण्यांत भरून वर्षभर कशा टिकवायच्या, हे ती लिहिते आणि त्यावर तिचं पोट चालतं. निदान दोन वर्षांपूर्वीपर्यंत चालत होतं. तिच्याविषयी लिहायला माझ्यापेक्षा बरा माणूस मिळाला असता, पण होलुबमध्ये मराठी येणारा मी एकटाच आहे.

होलुब हे सातशे वस्तीचं गाव. ओमाहा शहर इथून दीड तासावर. गावातल्या बहुतेकांचे पणजोबा बोहेमियातून आले. गावात एक चर्च, एक धान्याचं कोठार आणि रविवारी कोलाचे, म्हणजे फळांचा गर भरलेले गोड पाव, मिळणारी एक बेकरी. मी चाळीस मैलांवरच्या पाणी शुद्धीकरण केंद्रात बत्तीस वर्षं पाणी तपासत होतो. घर मात्र इथे घेतलं, कारण स्वस्त होतं. तेव्हा कुंपणापलीकडे आर्लिस आणि तिची आई लिबी राहायच्या. लिबीने पहिल्याच आठवड्यात टोमॅटोची एक बरणी माझ्या पायरीवर आणून ठेवली होती. बरणीवर चिकटपट्टी, त्यावर पेनाने लिहिलेलं साल. त्यानंतर दर ऑक्टोबरात एक बरणी येत राहिली.

आर्लिस कोठाराच्या कचेरीत हिशेब लिहायची. लिबी वारली त्याच्या पुढच्या वर्षी कोठार मोठ्या कंपनीत गेलं आणि कचेरी सत्तर मैल दूर हलली. आर्लिस तेव्हा एकोणपन्नास वर्षांची. ओमाहाला राहणारी तिची मोठी बहीण डोलोरिस म्हणाली, "आमचं तळघर रिकामंच आहे. पलंग आहे, न्हाणीघर आहे. विमा कंपनीत फोनवर बसायचं काम मिळवून देते."

"तळघरात बरण्या ठेवतात," आर्लिस म्हणाली. "माणसं नाही."

तिला आईच्या घरात राहायचं होतं. एवढंच होतं. घराचा विमा, कर आणि हिवाळ्यातला गॅस यांच्यापुरतं होलुबमध्ये बसून मिळवायचं, नाहीतर ओमाहाचं तळघर.

वाचनालयात मंगळवारी संगणकाचा वर्ग असे. तिथे तिने ब्लॉग करायला शिकून घेतलं. पहिल्या वर्षी तिने एक्केचाळीस कृती लिहिल्या, प्रत्येक आठ-दहा ओळींची. इतके टोमॅटो, इतकं मीठ, इतकी मिनिटं उकळत्या पाण्यात. त्या सगळ्या मी वाचल्या होत्या. मला त्या चांगल्या वाटल्या, पाण्याच्या अहवालासारख्या. त्या वर्षी तिला जाहिरातींचे अकरा डॉलर मिळाले.

मग तिच्या लक्षात आलं की जाहिराती परिच्छेदांच्या मधे बसतात. आठ ओळींत एकच जाहिरात मावते. वाचणाऱ्याला खाली खाली सरकवत न्यायचं असेल तर कृतीच्या आधी काहीतरी सांगावं लागतं. आणि महिन्याला पन्नास हजार वाचक झाले तर जाहिराती देणारी एक मोठी कंपनी पदरात घेते, ती चौपट पैसे देते. आर्लिसने हे मला कुंपणावर हात ठेवून समजावलं, कोठारातल्या दरांविषयी बोलावं तसं.

"म्हणजे लोकांना थांबवून धरायचं," मी म्हणालो.

"लोकांना नाही रे वॅस, बोटाला. बोट सरकत राहिलं पाहिजे."

माझं नाव वसंत. इथे कुणालाच ते पुरतं झेपलं नाही.

म्हणून तिने आईच्या टोमॅटोंच्या कृतीला एक गोष्ट जोडली. पहिलं हिम पडायच्या रात्री आई कशी खिडकीत उभी राहायची, सकाळी झाडं काळी पडलेली असायची, आणि त्या मेलेल्या झाडांवरून शेवटचे लाल टोमॅटो त्या दोघी गारठलेल्या बोटांनी कशा तोडायच्या. वाया काही घालवायचं नाही. मग बरण्या, मग वाफेने धूसर झालेल्या काचा. 'आईचे हिमातले टोमॅटो, लिंबाच्या रसाशिवाय' असं नाव दिलं. खाली फोटो टाकला: बरणीतले टोमॅटो थेट ताटलीत, वर मीठ, बाजूला पाव.

गोष्ट खरी होती. मी कुंपणाच्या अलीकडून ती पुष्कळदा पाहिली होती.

ते पान चाललं. सरकारी पुस्तकं प्रत्येक बरणीत बाटलीतला लिंबाचा रस घालायला सांगतात आणि तो बऱ्याच जणांना आवडत नाही. "लिंबाशिवाय" म्हणून शोधणारी सगळी माणसं आर्लिसकडे येऊ लागली. सप्टेंबर-ऑक्टोबरात तर तिच्या दर दहा वाचकांतले सहा त्या एका पानावर असत. पन्नास हजार झाले, सत्तर झाले. मोठ्या कंपनीने तिला घेतलं. पैसे दोन महिने उशिरा येत, पण येत. तिने छप्पर बदललं. डोलोरिस महिन्यातून एकदा रविवारी यायची आणि कोलाचे खाता खाता टोचून बोलायची.

"परवा तुझी बिटाची कृती बघायला गेले. आधी आजोबांची बैलजोडी, मग आजोबांचा गुडघा. बीट येईपर्यंत माझं जेवण झालं."

"त्या गुडघ्याने वीज बिल भरलं," आर्लिस म्हणाली.

"मग माझ्याही गुडघ्याचं लिही. अर्धे अर्धे."

दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात ओहायोतल्या ट्रूडी नावाच्या बाईने त्या पानाखाली लिहिलं: "तुमच्या पद्धतीने हिमानंतरचे टोमॅटो भरले. चौदापैकी दोन बरण्यांची झाकणं फुगली आहेत. बाकीच्या चांगल्या दिसतात. आम्ही एक खाल्लीही. चालेल ना?"

आर्लिसने लगेच उत्तर दिलं, फुगलेल्या बरण्या न उघडता फेकून द्या. बाकीच्यांचं काय, ते तिला लिहिता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी चार बरण्या टोपलीत घालून ती माझ्या गॅरेजमध्ये आली. आम्लता मोजायचं माझं जुनं यंत्र तिथे असतं. निवृत्त होताना केंद्राने ते मला देऊन टाकलं होतं.

"हे पाण्याशिवाय दुसरं काही मोजतं का?"

"मोजतं."

तिच्या दोन बरण्या ऑगस्टच्या होत्या, दोन हिमानंतरच्या. आकडा जितका कमी तितकं आंबट; तो चार पॉइंट सहाच्या खाली हवा. त्याच्या वर गेला तर बंद बरणीत एक विष तयार होऊ शकतं, ज्याला वास नसतो आणि चवही नसते. ऑगस्टच्या बरण्या चार पॉइंट तीनला थांबल्या. हिमानंतरची एक चार पॉइंट सातवर गेली, दुसरी चार पॉइंट आठवर. मी यंत्र धुऊन, पुन्हा जुळवून सगळं परत मोजलं. तेच आलं. झाड मेलं की फळातला आंबटपणा कमी होतो. हे मला पुस्तकातून माहीत होतं.

ती टोपलीच्या कडेवर बोट फिरवत उभी राहिली. "आम्ही चाळीस वर्षं खाल्ले. तूही खाल्लेस."

"खाल्ले."

"मग?"

तिचं पान पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला शंका आली होती, हे मी तिला सांगितलं. आपण पाणी तपासणारी माणसं, तिच्या आईच्या टोमॅटोंत कशाला बोलायचं, असं वाटून मी गप्प बसलो होतो. पाच वर्षं.

"तू गप्प बसलास, मी लिहीत बसले," ती म्हणाली. "बरे शेजारी आहोत."

तिने तिथूनच डोलोरिसला फोन लावला आणि फोन कामाच्या टेबलावर ठेवला. आपल्या सगळ्यांना काही झालं कसं नाही, हे तिने विचारलं.

"काय होणार?" डोलोरिस म्हणाली. "उकळून उकळून लगदा व्हायचा त्यांचा."

"भरताना?"

"भरताना नाही गं. बरणी उघडल्यावर. आईने बरणीतला टोमॅटो कधी तसाच ताटात वाढलेला आठवतोय तुला? पातेल्यात ओतायची, विस्तव मोठा करायची आणि जपमाळ घेऊन बसायची. माळ पुरी झाली की पातेलं खाली. पंधरा-वीस मिनिटं तरी."

"ती रोजची प्रार्थना होती तिची."

"मग तुला काय वाटलं, टोमॅटोंच्या आत्म्यासाठी होती? आजीने तिला सांगून ठेवलं होतं, बरणीतलं काहीही माळ होईपर्यंत उकळल्याशिवाय जिभेवर ठेवायचं नाही. मला शिकवलं होतं. तू बाहेर झोपाळ्यावर असायचीस."

उकळल्याने ते विष मरतं. लिबीची कृती बरणीचं झाकण लावताना संपत नव्हती, उघडल्यावर पुरी होत होती, आणि ते अर्धं कुणी कागदावर लिहिलं नव्हतं. मी त्या टोमॅटोंचं नेहमी सार केलं, पत्नी होती तेव्हा तिने केलं. गूळ, जिरं घालून चांगलं उकळलेलं. मलाही कधी कळायचं कारण पडलं नाही.

"आर्लिस?" फोनमधून डोलोरिस म्हणाली. "तू ते तसेच खायला सांगितलंस की काय लोकांना?"

"फोटो टाकलाय," आर्लिस म्हणाली. "पावाबरोबर."

मग डोलोरिस म्हणाली, "तळघरात पलंग आहेच." या वेळी ती टोचून बोलत नव्हती.

पान काढून टाकणं सोपं होतं. पण आर्लिसचं म्हणणं, की पान गेलं तर ज्यांनी ते आधीच वाचून बरण्या भरल्या, त्यांना कळणार कसं? ते परत येतील तेव्हा तिथे काहीतरी असलं पाहिजे. तिने पान ठेवलं. नाव बदललं. सगळ्यात वर, पहिल्या जाहिरातीच्याही आधी, आठ ओळी लिहिल्या, पहिल्या वर्षी लिहायची तशा. मेलेल्या झाडावरचे टोमॅटो बरणीत भरू नका. मी चुकीचं लिहिलं होतं. प्रत्येक मोठ्या बरणीत बाटलीतल्या लिंबाच्या रसाचे दोन मोठे चमचे घाला. या पद्धतीने भरलेल्या बरण्या घरात असतील तर चाखूनसुद्धा पाहू नका, फेकून द्या. शेवटच्या दोन ओळींत तिने आईच्या माळेविषयी लिहिलं, पण जुन्या बरण्या वाचवायला त्याचा उपयोग करू नका असंही लिहिलं. ते मी सांगितलं होतं. खालची हिमाची गोष्ट आणि फोटो काढून टाकला.

"गोष्ट तरी ठेव," मी म्हणालो. "ती खरी आहे."

"ती गोष्ट वाचूनच लोक हिमाची वाट बघत बसले. नुसती कृती होती तेव्हा कुणी बसलं नव्हतं."

त्या पानाखाली अकराशेच्या वर लोकांनी लिहिलेलं होतं. तिने प्रत्येकाला खाली उत्तर दिलं. चिकटवलेलं एकच वाक्य नव्हे. ज्याने आजीची आठवण लिहिली होती त्याला आजीविषयी एक वाक्य, मग बरण्या फेका. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापासून जानेवारी अर्धा होईपर्यंत हे चाललं. काहींनी आभार मानले. काहींनी लिहिलं की सरकारने तुम्हाला विकत घेतलं. एकाने लिहिलं, माझी आजी शहाण्णव वर्षं जगली. त्याला आर्लिसने विचारलं, आजी टोमॅटो उकळायची का? त्याचं उत्तर आलं नाही. ट्रूडीने उरलेल्या अकरा बरण्या फेकल्या आणि फेकल्याचा फोटो पाठवला.

लिंबाशिवायची कृती शोधणारे येत, पहिली ओळ वाचून निघून जात. बोट सरकत नव्हतं. मार्चमध्ये वाचक तीस हजारांवर आले आणि पुढच्या ऑक्टोबरातही चाळीसच्या वर गेले नाहीत. मोठ्या कंपनीने दोनदा कळवून तिला सोडलं. आता एका छोट्या कंपनीच्या जाहिराती आहेत. त्यांत गॅस निघतो, कर निघत नाही.

आर्लिस ओमाहाला गेली नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात सकाळी सहा ते एक तिला काम मिळालं. तिथे विमाही आहे. वरच्या मजल्यावरची लिबीची खोली तिने शाळेच्या नव्या संगीत शिक्षिकेला भाड्याने दिली आहे. ती बाई संध्याकाळी ट्रॉम्बोन वाजवते, तो माझ्याही घरात ऐकू येतो. ब्लॉगवर आर्लिस आठवड्याला एक कृती लिहिते, आठ-दहा ओळींची. डोलोरिस म्हणते, आता वाचता तरी येतं, पण आजोबांच्या गुडघ्याचं पुढे काय झालं ते कळत नाही.

यंदाही ऑक्टोबरात पायरीवर बरणी होती. चिकटपट्टीवर सालाशेजारी जागा कमी पडली म्हणून तिने अक्षर बारीक केलं होतं: "ऑगस्टचे आहेत. लिंबू घातलंय. तरी उकळ."

मी सार केलं. माळ माझ्याकडे नाही. घड्याळ लावून वीस मिनिटं ठेवलं.