पहिली ओळ कोणाची

माझा मित्र वारला तेव्हा मी ढसाढसा रडलो. आणि तिसऱ्या दिवशी, डोळे अजून सुजलेले असताना, मनात आलं: आता पहिली ओळ माझी. असा माणूस मी. हे लपवण्याचं वय आता राहिलेलं नाही.

आमची चौघांची गायन पार्टी. रत्नागिरीच्या आजूबाजूच्या बौद्धवाड्यांमधून जयंतीला, लग्नाला, कुणी वारलं की त्याच्या पुण्यानुमोदनाला आम्ही तीस वर्षं गात आलो. एक ढोलकीवाला, एक पेटीवाला, तो मुख्य गायक आणि मी कोरस. तो ओळ म्हणायचा, मी ती मागून उचलायचो. गाणी बहुतेक मी लिहिलेली, पण लोक म्हणायचे त्याची गाणी. हार त्याच्या गळ्यात, शाल त्याच्या खांद्यावर. निवेदक त्याचं नाव घेऊन झालं की म्हणायचा, "आणि साथीदार." तीस वर्षं मी 'आणि साथीदार' होतो. माझ्या सख्ख्या आईनं एकदा बांगड्याचा मधला तुकडा त्याच्या ताटात वाढला आणि शेपूट माझ्या. मी बघतच राहिलो तर म्हणाली, "त्याला गायाचा हाय." म्हणजे मी काय तिथे गुरं राखायला जात होतो?

तो गेला आणि पार्टी बसली. दोन वर्षं पेटीवर धूळ. मग वाडीतल्या मुंबईला असलेल्या लोकांनी पुढाकार घेतला. सहा नवी गाणी करा, आम्ही मोबाईलवर सगळीकडे पोचवतो, म्हणाले. मी त्याच संध्याकाळी वही काढली. सहाही गाणी आठ दिवसांत लिहून झाली, प्रत्येकाची पहिली ओळ माझ्या पट्टीत बसेल अशी.

ढोलकीवाल्यानं गाणी ऐकली आणि म्हणाला, "गाशील तू. पर त्याच्यावानी नाय व्हनार."

"त्याच्यासारखं कशाला व्हायला हवं?" मी म्हटलं.

तो ढोलकी आवळत बसला.

मग जाहिरातीचं चित्र आलं. त्यात त्याचा फोटो परातीएवढा आणि आम्ही तिघं खाली, पोस्टाच्या तिकिटांएवढे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गाणी माझी, गाणार मी, आणि तोंड त्याचं! घरी येऊन बायकोला चित्र दाखवलं नि म्हटलं, "मेल्या म्हशीला मणभर दूध."

"लाज वाटूं द्या जरा," ती म्हणाली. "तुमचा दोस्त व्हता."

"होता ना! म्हणून तर सांगतोय. अंतऱ्यात हमखास घसरायचा."

हे धादांत खोटं होतं. तो कधीच घसरला नाही, आणि माझं खरं दुखणं तेच होतं.

मिरकरवाड्याच्या रस्त्याला एका मोबाईलच्या दुकानामागे रेकॉर्डिंगची खोली आहे. मासळीच्या बंदराकडे बर्फाची गाडी गेली की थांबायचं, तिचा खडखडाट विरला की पुन्हा सुरू. मी इस्त्रीचा शर्ट घालून माईकसमोर उभा राहिलो. पेटी वाजली, ढोलकीनं ठेका धरला, ओळीची जागा आली आणि गेली. कोणी गायलंच नाही. रेकॉर्डिंग करणारे गृहस्थ काचेमागून बघत होते, पेटीवाला माझ्याकडे बघत होता, आणि मी गेलेल्या मित्राच्या सुरुवातीची वाट बघत उभा. तीस वर्षांची खोड. सगळे हसले. मीही हसलो.

दुसऱ्या खेपेला गायलो. आवाज चांगला लागला, खोटी नम्रता कशाला. पण ओळ संपता संपता दम संपला आणि शेवटचा शब्द घशातच पडला. पुन्हा गायलो, पुन्हा पडला. ढोलकीवाला नि पेटीवाला मागून गात होते, पण शब्द पडून गेल्यावर. त्यांचा काय दोष? ते काम त्यांनी कधी केलंच नव्हतं.

ते काम माझं होतं. त्याला विडीचं व्यसन, ओळीच्या टोकाला त्याचा दम कायम तोकडा. त्याचा डावा खांदा किंचित उतरला की मी तोंड उघडायचो आणि त्याचा शब्द अर्ध्यावर झेलायचो, असा की समोरच्याला जोड कळू नये. लोक म्हणायचे, काय त्याचा दमसास! मीही मनातल्या मनात जळत तेच म्हणायचो. त्या दमसासातला अर्धा माझाच होता, हे तीस वर्षांत ना मला सुचलं, ना त्याला.

"काका, मागचा आवाजही तुम्हीच भरा," ते गृहस्थ म्हणाले. "वेगळा घेऊन जोडतो."

कानाला हेडफोन लावले. माझीच ओळ माझ्या कानात सुरू झाली. दम कुठे तुटणार ते मला पक्कं ठाऊक होतं. मी शब्द उचलला.

"एका झटक्यात! एकदम चोख," ते म्हणाले.

चोख होताच. पुढे माणूस नसताना, यंत्राशी जोडून, स्वतःच स्वतःला मी तो मागचा आवाज दिला होता. त्या लेकाला तो दर ओळीला मिळायचा, न मागता, शेजारी उभ्या असलेल्या जिवंत माणसाकडून. मला वाटलं होतं, त्याच्या जागेवर उभा राहिलो की हेवा संपेल. पण त्याच्या गळ्याचा हेवा मला कधी वाटला नसेल इतका आता त्याचा हेवा वाटतो. त्याला मी मिळालो होतो.