गंधरस कोण देतं बाळाला?

तीन राजांच्या सणाची चर्चमधली मिस्सा आटोपून घरी आलो, तर फाटकापाशी धाकटा भाऊ पास्कू उभा. हातात सुकेळीचा, वाळवलेल्या केळ्यांचा पुडा. विहिरीची वाट त्याने कुंपण घालून बंद केली, तेव्हापासून आमचं बोलणं नव्हतं.

"काय पाहिजे?" मी विचारलं.

"काही नको, दादा. सण आहे."

"सण दरवर्षी येतो. तू आजच आलास."

आतून बायको ओरडली, "अहो, आधी आत तर घ्या त्याला!"

मी बाजारात मोठा झालेला माणूस. आधी वानगी हातावर ठेवणारा नंतर भाव चढवतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून फादरांचं प्रवचन ऐकताना दरवर्षी मला त्या राजांचाच संशय येतो. दूरदेशीचे अनोळखी लोक येऊन मरियेच्या बाळाला सोनं देतात, ऊद देतात, वर गंधरस. मढ्याला लावायचा गंधरस तान्ह्या बाळाला कोण देतं? मी फेकून दिला असता. मरियेलाही धास्ती वाटलीच असणार. बाळाच्या जिवावर उठलेला हेरोद राजासुद्धा गोड बोलूनच बाळाचा पत्ता काढत होता. तरी तिने दार लावलं नाही. देव प्रकट झाला म्हणतात, तो त्या उघड्या दारात. आम्ही मात्र हल्ली नाताळच्या गोठ्यावर दिवे लावतो आणि फाटकाला कुलूप.

मी कडी काढली. पास्कू चहा प्याला, पुडा ठेवून गेला. खरंच काही मागितलं नाही. माझा राग अजून उतरलेला नाही, कारण आता त्याच्या घरी जायची पाळी माझी आहे.